सेमाडोहचा मतदार आणि त्याच्या पाच निवडणुका

२६ एप्रिल २०२४ रोजी अमरावती लोकसभा मतदारसंघात मतदान झालं, तेव्हा मेळघाटातल्या रंगुबेली आणि आसपासच्या काही गावांनी मतदानावर बहिष्कार टाकला. रस्ता नाही, पाण्याचे हाल, विजेचे हाल. मग मत कशाला द्यायचं, हा त्यांचा सवाल होता. याच मेळघाटात, परतवाड्याहून धारणीला जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह आहे. वाघ बघायला येणाऱ्यांना ते व्याघ्र प्रकल्पातलं मुक्कामाचं ठिकाण म्हणून माहीत असतं. तिथल्या कोरकू आदिवासी माणसाचे प्रश्न रंगुबेलीपेक्षा फार वेगळे नाहीत. रस्ता असला तरी दवाखान्यात डॉक्टर टिकेल याची खात्री नाही, मोबाइलला रेंज असेलच असं नाही, आणि दिवाळीनंतर गावातले निम्मे हात मजुरीसाठी खाली सपाटीवर उतरलेले असतात.

बहिष्कार घालणाऱ्यांचा राग सोळा आणे खरा आहे. त्यांनी उचललेलं हत्यार मात्र मला चुकीचं वाटतं. बहिष्काराची बातमी दोन दिवस छापून येते, अधिकारी मनधरणीला येतात आणि मतमोजणीच्या दिवशी त्या गावाच्या नावापुढे शून्य लिहिलं जातं. ज्या गावातून शंभर मतं मिळण्याची आशा नाही आणि शंभर मतं जाण्याची भीतीही नाही, त्या गावाकडे पाच वर्षं कोण फिरकणार? मतदान का करायचं, याचं मला सापडलेलं सगळ्यात व्यवहारी उत्तर हेच आहे : भीती आणि आशा या दोन्ही गोष्टी उमेदवाराच्या मनात टिकवायच्या असतील तर मत पडलं पाहिजे.

ते मत किती जड असतं, ते आपल्याच वऱ्हाडात पाहता येतं. २०२४ च्या लोकसभेला अमरावतीत काँग्रेसचे बळवंत वानखडे भाजपच्या नवनीत राणा यांच्यापेक्षा १९,७३१ मतांनी पुढे राहिले. पाच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, नवनीत राणा अपक्ष म्हणून शिवसेनेच्या आनंदराव अडसूळ यांच्याविरुद्ध ३६,९५१ मतांनी निवडून आल्या होत्या. या लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं येतात आणि त्यांपैकी एकट्या मेळघाटात अडीच लाखांहून जास्त मतदार आहेत. म्हणजे दोन्ही वेळचा निकाल एकटं मेळघाट फिरवू शकलं असतं. विधानसभेचे आकडे तर याहून बारीक आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये बुलढाण्याची जागा ८४१ मतांनी गेली, अकोला पश्चिमची १,२८३ मतांनी. मुंबईत लोकसभेचा एक उमेदवार त्याच वर्षी ४८ मतांनी हरला. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत तर एका प्रभागात दोघांना समसमान मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठी टाकून ठरवावा लागला. त्या प्रभागात घरी बसून राहिलेला प्रत्येक माणूस त्या दिवशी स्वतःहून नशिबाच्या स्वाधीन झाला.

पण नुसतं मत टाकलं की काम झालं, असंही नाही. याची साक्ष मेळघाट विधानसभा मतदारसंघच देतो. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या जागेवर २००४ मध्ये राजकुमार पटेल, २००९ मध्ये केवलराम काळे, २०१४ मध्ये प्रभुदास भिलावेकर, २०१९ मध्ये पुन्हा पटेल आणि २०२४ मध्ये पुन्हा काळे निवडून आले. २००९ पासून दर वेळी मतदाराने आमदार बदलला. पटेल २००४ मध्ये भाजपचे होते, २०१९ मध्ये प्रहार जनशक्ती पक्षाचे. काळे २००९ मध्ये काँग्रेसचे होते, २०२४ मध्ये भाजपचे. सत्ताधाऱ्याला घरी बसवण्यात मेळघाटचा मतदार कमी पडलेला नाही. बालमृत्यू आणि कुपोषणावरून मेळघाटचं नाव १९९३ पासून देशभर गाजतंय, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका वर्षानुवर्षं चालल्यात, तरी दवाखान्यांतल्या रिक्त पदांची तीच रड पुढच्या निवडणुकीत पुन्हा ऐकू येते. माणूस बदलला, पक्ष बदलला, प्रश्न तिथेच. याचा अर्थ मताची ताकद कमी आहे असा मी लावत नाही. मत देताना कोणाकडून नेमकं काय हवं आहे आणि ते त्याच्या हातात आहे का, हे न ठरवता दिलेलं मत अर्ध्या वाटेत थांबतं, असा लावतो.

हा हक्क मेळघाटला कसा मिळाला, ते थोडक्यात सांगायला हवं, कारण तो सहज मिळालेला नाही. १९३५ च्या कायद्याखाली ब्रिटिशांनी देशातले काही आदिवासी भाग ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरवले. अमरावती जिल्ह्यातला मेळघाट तालुका त्या यादीत होता. प्रांतिक विधिमंडळात झालेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नरला वाटलं तर लागू होई. मताचा हक्क जमीन, कर आणि शिक्षण यांवर बेतलेला होता, म्हणजे डोंगरातल्या कोरकूला जवळजवळ नव्हताच. वऱ्हाडाची अवस्था तर आणखीच चमत्कारिक. कागदोपत्री निजामाचा मुलूख, कारभार इंग्रजांचा. हैदराबादच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही १९३६ मध्येच मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे आणि पुढे सायमन आयोगापुढे मताधिकाराचा प्रश्न मांडत होते, तेव्हा अडाणी माणसाला मत कशाला, हा आक्षेप सगळ्या दिशांनी येत होता. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने तो वाद संपवला. पापळच्या शेतकरी घरातले डॉ. पंजाबराव देशमुख त्या घटना समितीत होते आणि १९५२ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर गेले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता.

पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. वाचता येत नसलेल्या माणसालाही आपलं मत आपल्याच हाताने टाकता यावं म्हणून ती सोय होती. तरीही देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मतदार होण्याची पहिली पायरी म्हणजे यादीत स्वतःचं नाव असणं, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि स्थलांतरित कोरकू मजुराच्या बाबतीत आजही तेवढीच खरी आहे.

गरिबाच्या मताने प्रत्यक्षात काही बदलतं का, याचा अभ्यास जगात झाला आहे आणि त्याचे निष्कर्ष मेळघाटात मुद्दाम सांगावेत असे आहेत. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकात मतदान यंत्रं आली. त्याआधी कागदी मतपत्रिकेवर नाव किंवा क्रमांक लिहावा लागे आणि कमी शिकलेल्यांची कितीतरी मतं बाद होत. १९९८ मध्ये यंत्रं आधी मोठ्या शहरांत आली, लहान गावांत नंतर, त्यामुळे तुलना करता आली. थॉमस फुजिवारा या अर्थतज्ज्ञाने दाखवलं की जिथे गरिबांची मतं मोजली जाऊ लागली, तिथे सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च वाढला, गरोदर बायकांच्या तपासण्या वाढल्या आणि कमी शिकलेल्या आयांच्या पोटी कमी वजनाची बाळं जन्माला येण्याचं प्रमाण घटलं. अमेरिकेत बायकांना मताचा हक्क मिळाल्यावर बालमृत्यू घटल्याचं ग्रँट मिलर यांचं संशोधनही याच वळणाचं आहे. आपल्याकडे पश्चिम बंगाल आणि राजस्थानात सरपंचपद बायकांकडे गेलं तेव्हा पिण्याच्या पाण्यावर जास्त पैसा गेला, असं राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांना आढळलं. पोरांचं वजन आणि मतपेटी यांचा संबंध आहे, हे इतक्या उघडपणे दाखवणारे अभ्यास मेळघाटच्या चर्चेत क्वचित ऐकू येतात, याची मला खंत वाटते.

मतदाराला माहिती दिली की तो बरी निवड करतो का? इथे उत्तर तेवढं सरळ नाही. २००८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीआधी तिथल्या झोपडपट्ट्यांत आमदारांच्या कामाची प्रगतिपुस्तकं छापून वाटली गेली. आमदाराने निधी कुठे खर्च केला, सभागृहात किती वेळा हजर होता, उमेदवाराची मालमत्ता किती, गुन्हे किती. तिथे मतदान वाढलं, पैशाचं वाटप कमी झालं आणि चांगलं काम केलेल्यांना फायदा झाला. पुढे अनेक देशांत एकाच पद्धतीने असे प्रयोग झाले आणि २०१९ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. निवडणुकीच्या तोंडावर बाहेरच्या कोणीतरी हातात दिलेला कागद माणसाचं मत सहजी बदलत नाही. मला यात निराशेचं कारण दिसत नाही. माहिती गावाने स्वतः मागितलेली, आपसात बोललेली आणि पुढच्या वेळेपर्यंत लक्षात ठेवलेली असली तर ती वेगळं काम करते, एवढंच यातून निघतं.

आता सेमाडोहपुरतं बोलू. तिथला मतदार पाच संस्थांसाठी मत देतो : ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा. यातल्या पहिल्या तीन निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, शेवटच्या दोन भारत निवडणूक आयोग. प्रचारात मात्र सगळेच सगळं देऊ करतात. सरपंचपदाचा उमेदवार पूल बांधून देतो म्हणतो आणि खासदारकीचा उमेदवार गावात हातपंप. जाणत्या मतदाराचं पहिलं काम म्हणजे ही गल्लत होऊ न देणं.

दवाखान्याचं उदाहरण घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शाळा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. डॉक्टरांची भरती आणि आरोग्याचं अंदाजपत्रक राज्याकडे, म्हणजे आमदाराने विधानसभेत भांडायचा विषय. अंगणवाडीचा बराच पैसा केंद्राच्या योजनेतून येतो. आमदाराने सभागृहात किती प्रश्न विचारले, खासदाराने आरोग्यावर काय विचारलं आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, हे विधिमंडळाच्या आणि संसदेच्या संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येतं. खासदाराला दरवर्षी पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो आणि नियमाप्रमाणे त्यातला साडेसात टक्के आदिवासीबहुल भागासाठी सुचवायचा असतो. हा आकडा हातात घेऊन प्रश्न विचारणारा मतदार आणि ‘साहेब, आमच्याकडे लक्ष द्या’ म्हणणारा मतदार यांना मिळणारी उत्तरं वेगवेगळी असतात.

जिल्हा परिषदेची गोष्ट मनाला लागणारी आहे. अमरावती जिल्हा परिषद २०१७ मध्ये निवडून आली, तिची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादांत राज्यभरच्या निवडणुका अडकल्या. शाळा आणि दवाखाना ज्या सभागृहाच्या हाती, त्या सभागृहात सेमाडोहचा माणूसच नाही, अशी वर्षं गेली. मत न दिल्यावर काय होतं, ते ज्यांना पाहायचं आहे त्यांनी प्रशासकाच्या काळातली जिल्हा परिषद पाहावी. तिथे मत मागायला येणारंच कोणी नव्हतं, म्हणून जाब द्यायलाही कोणी नव्हतं.

रस्त्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. मेळघाट १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. वनजमिनीवर रस्ता, वीजवाहिनी किंवा टॉवर उभारायचा तर वन संवर्धन कायद्याखाली परवानगी लागते आणि ती केंद्रापर्यंत जाते. ‘वनविभाग अडवतो’ हे वाक्य मेळघाटातल्या प्रत्येक प्रचारसभेत चालतं, कारण त्यात सांगणाऱ्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) फार कमी उमेदवारांच्या तोंडून ऐकू येतं. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि दूरध्वनीच्या तारा, पिण्याचं पाणी, रस्ता अशा तेरा कामांसाठी, प्रत्येक कामाला एक हेक्टरहून कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवर वनजमीन देता येते. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वन्यजीव कायद्याच्या अटी वेगळ्या लागतात हे खरं. तरीही ‘तुम्ही ३(२) खाली किती प्रस्ताव पाठवले?’ हा प्रश्न सरपंचाला, आमदाराला, खासदाराला तिघांनाही विचारता येतो, आणि तिघांचं उत्तर ताडून पाहता येतं.

इथे ग्रामसभेवर थोडं थांबायला हवं, कारण चिखलदरा आणि धारणी हे तालुके पाचव्या अनुसूचीत येतात आणि तिथे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. गौण वनोपज, लहान जलसाठे, दारूचं दुकान, सावकारी, यांवर ग्रामसभेला अधिकार आहेत. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असतं आणि स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. म्हणजे सेमाडोहच्या बाईला लोकसभेच्या मतापेक्षा जास्त वजनदार मत गावातच मिळालं आहे, आणि ग्रामसभेत हात वर करायला पाच वर्षं थांबावंही लागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्याच पायविहीर गावाने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड जमिनीवर झाडं उभी केली, तिथली सीताफळं बाजारात विकली आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार घेतला. परतवाड्याजवळची ‘खोज’ ही संस्था त्यांच्या सोबत होती, पण ठराव गावाचे होते. ग्रामसभेला नियमित जाणाऱ्या माणसाला उमेदवाराची पारख वेगळी शिकवावी लागत नाही; कोण कागद वाचून येतो आणि कोण नुसता मागच्या बाकावरून ओरडतो, हे त्याने वर्षभर पाहिलेलं असतं.

पुनर्वसित गावांचा मुद्दा इतक्या कमी वेळा लिहिला जातो की तो इथे घालतो. व्याघ्र प्रकल्पातली कोहा, बोरी, कुंड आणि नंतर धारगड, गुल्लरघाट, केलपाणी अशी गावं डोंगरातून उठवून अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हारा भागात वसवली गेली. सोयींच्या तक्रारीवरून काही पुनर्वसित गावकरी परत जंगलात गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये वनविभाग-पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला. या माणसांचं घर बदललं तसा मतदारसंघही बदलला. मेळघाटात ते राखीव जागेवरचे बहुसंख्य मतदार होते. अकोटच्या खुल्या मतदारसंघात ते मूठभर आहेत. पेसाचं क्षेत्रही मागे राहिलं. पुनर्वसनाच्या पॅकेजमध्ये जमीन आणि पैसे मोजले जातात, मताचं घटलेलं वजन कोणी मोजत नाही. माझ्या मते ही त्या लोकांची मोठी हानी आहे आणि तिची भरपाई एकगठ्ठा, विचारपूर्वक मतदानाशिवाय दुसरी नाही.

उमेदवाराची माहिती कुठून काढायची? यासाठी कोर्टकचेऱ्या होऊन गेल्या आहेत. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. संसदेने तो आखडायचा प्रयत्न केला, तो २००३ मध्ये न्यायालयाने हाणून पाडला. २०२० मध्ये पक्षांना सांगितलं गेलं की गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला याची कारणं जाहीर करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोखे रद्द करताना पक्षाला पैसा कोण देतं हेही मतदाराला कळलं पाहिजे, असं पाच न्यायमूर्तींनी एकमताने म्हटलं.

या लढ्याचं दिसणारं फळ म्हणजे उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र, नमुना २६. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ‘नो युवर कँडिडेट’ ॲपवर मिळतं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातही लावलेलं असतं. ते कसं वाचायचं? आधी गुन्ह्यांचा तक्ता पाहा, पण नुसती संख्या मोजू नका. आंदोलनात रस्ता अडवल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका मापात धरता येत नाहीत. कलम कोणतं, आरोप निश्चित झाले का, हे त्याच ओळीत लिहिलेलं असतं. मग आयकराचे पाच वर्षांचे आकडे. त्यानंतर स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता. याच माणसाने पाच वर्षांपूर्वी दिलेलं शपथपत्र काढून शेजारी ठेवा. उत्पन्न दोन पट आणि मालमत्ता दहा पट झाली असेल तर त्याला गावात उभं करून विचारण्याजोगा प्रश्न तुमच्याकडे आहे. शेवटी सरकारी देण्यांचा रकाना, जो सहसा कोणी वाचत नाही. वीजबिल, पाणीपट्टी, सरकारी निवासाचं भाडं थकलं असेल तर ते तिथे दिसतं. ज्यांना मूळ कागद किचकट वाटतो त्यांच्यासाठी ‘मायनेता’ या संकेतस्थळावर तीच माहिती सोपी करून ठेवली आहे.

दाव्यांची पडताळणी कशी करायची, याचा धडा सेमाडोहच्या शेजारीच आहे. धारणीच्या वाटेवरचं हरिसाल २०१६ च्या सुमारास देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी त्यात होती. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी सभेत हरिसालची चित्रफीत लावली, जाहिरातीत लाभार्थी म्हणून दिसलेल्या तरुणालाच मंचावर आणलं आणि दावा खोटा असल्याचं सांगितलं. भाजपने तो आरोप फेटाळला आणि प्रतिदावे केले. पुण्या-मुंबईच्या माणसाला यात कोण खरं हे ठरवायला वाहिन्यांचाच आधार होता. सेमाडोहच्या माणसाला तशी गरज नव्हती. तो एस.टी.ने हरिसालवरून जातो, तिथे त्याचे सोयरे आहेत. जे आपल्या डोळ्यांना दिसतं त्यावर पडद्यावरच्या चित्रफितीपेक्षा, मग ती कोणत्याही पक्षाची असो, जास्त विश्वास ठेवायचा, हा पहिला नियम. व्हॉट्सॲपवर आलेला भाषणाचा तुकडा तोडलेला असू शकतो, फोटो दुसऱ्या राज्यातला असू शकतो. खात्री होईपर्यंत पुढे पाठवू नये, हा दुसरा.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही, आणि आठव्या अनुसूचीत ती नाही. शपथपत्र, जाहीरनामा, आयोगाच्या सूचना, सगळं मराठीत किंवा इंग्रजीत. म्हणून मेळघाटात जाणता मतदार एकट्याने घडणं अवघड आहे. गावात बारावी झालेली मुलगी, आशा कार्यकर्ती, शिक्षक यांनी संध्याकाळी वस्तीवर बसून शपथपत्र कोरकूत वाचून दाखवलं तर ते प्रचारपत्रकांच्या गठ्ठ्यापेक्षा मोलाचं ठरेल. गावाने मिळून बोलणं चांगलंच, पण गावाच्या पटेलाने सांगितलं म्हणून सगळ्यांनी एकच बटण दाबायचं, हे मला मान्य नाही. यंत्राजवळ माणूस एकटा उभा राहतो, तो त्याला मिळालेला मान आहे.

पैसे, बाटली आणि साडी यांबद्दल उपदेश करणं सोपं असतं. उपाशी माणसाने पाचशेची नोट परत करावी असं सांगण्याची माझी हिंमत नाही. कायद्याने मतासाठी देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, हे मात्र सांगितलंच पाहिजे. आणि हेही, की मत गुप्त असतं, म्हणून नोटेची वसुली कोणी करू शकत नाही. वाटप दिसलं तर ‘सी-व्हिजिल’ ॲपवरून फोटो पाठवता येतो. रेंज नसेल तिथे रेंजमध्ये आल्यावर लगेच १९५० वर फोन करावा. सगळेच उमेदवार नकोसे असतील तर ‘नोटा’ आहे. लोकसभा-विधानसभेत त्याने निकाल बदलत नाही. पण महाराष्ट्रात शहरी स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची, असा राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा आदेश आहे. बहिष्कार घालणाऱ्या गावांनी बहिष्कार आणि नोटा यांतला फरक विचारात घ्यावा. नोटाचं मत निदान मोजलं जातं.

यादीचं काम निवडणूक जाहीर झाल्यावर करून भागत नाही. आता वर्षात चार अर्हता तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी अठरा पूर्ण झालेल्याने नमुना ६ भरायचा. पत्ता किंवा नाव बदलायचं असेल, मतदारसंघ बदलला असेल, तर नमुना ८. मृताचं किंवा चुकीचं नाव काढायला नमुना ७. गावचा बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, कोण हे माहीत असलं पाहिजे, आणि प्रारूप यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावली पाहिजे. गाव लहान असतं, कोण मेलं, कोण लग्न होऊन गेलं, कोणाचं नाव राहिलं हे ऐकताक्षणी सगळ्यांना कळतं. मतदार ओळखपत्र हरवलं म्हणून परत फिरू नका. आधार, फोटो असलेलं बँक पासबुक, एवढंच काय, रोजगार हमीचं जॉबकार्डही चालतं.

केंद्रावर गेल्यावर पहिला अधिकारी तुमचं नाव मोठ्याने वाचतो, दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावून सही किंवा अंगठा घेतो, तिसरा यंत्र सुरू करतो. निळं बटण दाबलं की लाल दिवा लागतो, लांब आवाज येतो आणि लोकसभा-विधानसभेला शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. तेवढा वेळ थांबून चिन्ह नीट पाहा. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर भांडून बाहेर पडू नका. प्रदत्त मतपत्रिका मागा, तो तुमचा हक्क आहे.

राहतो तो मजुराचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने तो सगळ्यात मोठा आहे. मेळघाटातली माणसं होळीला, फगव्याला, गावी येतात आणि नंतर पुन्हा कामाला बाहेर पडतात. २०२४ ची होळी मार्चअखेरीस होती, लोकसभेचं मतदान त्यानंतर महिन्याने. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं, तेव्हा खाली कापूस वेचणीचे दिवस होते. टपाली मत सैनिकाला आहे, निवडणूक कर्मचाऱ्याला आहे, पंच्याऐंशी वर्षांवरच्या म्हाताऱ्याला घरून मत देता येतं. वीटभट्टीवरच्या कोरकूला यातलं काही नाही. दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडला, पक्षांनी शंका काढल्या आणि तो पुढे सरकला नाही. तोवर वाट एकच उरते, माणसाने गावी जाऊन मत देणं.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या अमरावती, अकोला, परतवाड्याच्या बागायतदारांना, भट्टीमालकांना आणि बांधकाम ठेकेदारांना एक विनंती. तुमच्याकडे सेमाडोहचा, हरिसालचा, रंगुबेलीचा मजूर असेल तर मतदानाच्या आदल्या दिवशी त्याला गावी पाठवा, शक्य असेल तर जाण्यायेण्याचं भाडंही द्या. मतदानाच्या दिवसाची त्याची मजुरी कापू नका. रोजंदारीवरच्या माणसालाही ती सुट्टी भरपगारी मिळते, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब मध्ये तसं लिहिलेलं आहे, आणि ती न देणाऱ्या मालकाला दंड आहे.